श्रद्धा, सत्ता आणि आयर्लंडचा धडा

२९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनच्या फिनिक्स उद्यानात मिस्साबली अर्पण करण्यासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापुढे दहा लाखांहून अधिक भाविक जमले होते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या त्या वेळी चौतीस लाखांच्या आसपास होती; म्हणजे जणू तिसरा हिस्सा देश त्या हिरवळीवर उतरला होता. एकोणचाळीस वर्षांनी, २६ ऑगस्ट २०१८ रोजी, पोप फ्रान्सिस त्याच उद्यानात आले. त्या दिवशी पाऊस-वारा होता हे खरे. परंतु जमलेला समुदाय पूर्वीच्या एक पंचमांशही नव्हता. त्याच्या तीनच महिने आधी आयरिश जनतेने गर्भपातावरील घटनात्मक बंदी ६६.४ टक्के मतांनी रद्द केली होती. १९६१ च्या जनगणनेत शंभरातील पंचाण्णव लोक स्वतःस कॅथोलिक म्हणवीत होते. २०२२ मध्ये ते प्रमाण ६९ वर आले.

या बदलाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. समृद्धी आली, दूरचित्रवाणी आली, माणसे चंगळवादी झाली आणि देवाला विसरली! या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु तेवढेच खरे असते, तर श्रद्धा नुसती ओसरली असती. तिच्या नावाने एवढा राग साचला नसता. आयर्लंडमध्ये उदासीनतेच्या जोडीला दुखावल्या गेलेल्या माणसाचा राग दिसतो, आणि रागाला कारण असते. ते कारण शोधू जाता आम्ही एका जुन्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. लोकशाहीत श्रद्धावंतांचे बहुमत असेल, तर त्यांनी आपली नीती देशाच्या कायद्यात बसवावी काय? आणि बसवली, तर त्यात श्रद्धेचे भले होते काय?

आयर्लंडचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथे कोणा हुकूमशहाने धर्म लादला नाही. निवडणुका नियमित झाल्या, न्यायालये स्वतंत्र राहिली, वृत्तपत्रे निघत राहिली. जे घडले ते मतपेटीच्या मार्गाने घडले. म्हणूनच तो अनुभव विचार करण्याजोगा आहे.

आरंभ मात्र उज्ज्वल होता. अठराव्या शतकात इंग्रजी सत्तेच्या कायद्यांनी कॅथोलिकांना जमीनखरेदी, शिक्षण आणि सरकारी पदे यांपासून दूर ठेवले होते. धर्मगुरू रानात, एखाद्या शिळेची वेदी करून मिस्सा अर्पण करीत. अशा समाजाला डॅनियल ओकॉनेल या वकिलाने १८२३ मध्ये 'कॅथोलिक असोसिएशन'च्या झेंड्याखाली एकत्र आणले. महिन्याला एक पेनी ही वर्गणी; ती चर्चच्या दाराशी, धर्मगुरूंच्या मदतीने गोळा होई. गरीब कुळाची ती पेनी म्हणजे त्याचे पहिले राजकीय मतच होते. १८२८ मध्ये ओकॉनेल क्लेअरमधून निवडून आले आणि पुढच्याच वर्षी संसदेचे दार कॅथोलिकांना उघडले. युरोपातील सामान्य जनांच्या शांततामय चळवळींत या चळवळीचे स्थान फार वरचे आहे. ओकॉनेल यांनी जे मागितले ते केवळ आपल्या धर्मबांधवांसाठी नव्हे. ज्यूंना समान हक्क मिळावेत, गुलामगिरी नष्ट व्हावी, धर्मसंस्था आणि शासन परस्परांपासून अलग असावीत, असे ते आग्रहाने सांगत. स्वतः दडपला गेलेला माणूस न्यायाची मागणी करतो तेव्हा ती सर्वांसाठी असते. आणि तिचे बळही त्यातच असते.

पुढे १९२२ मध्ये राज्य हाती आले. बहुसंख्य कॅथोलिक असलेल्या या राज्यात १९२५ साली घटस्फोटाची वाट बंद करण्यात आली. कवी डब्ल्यू. बी. येट्स हे तेव्हा सिनेटचे सभासद होते. जन्माने प्रॉटेस्टंट असलेल्या या कवीने भर सभागृहात इशारा दिला, की अल्पसंख्यांवर आपली नीती लादाल तर उत्तरेकडील प्रांत तुम्हांला कधीच येऊन मिळणार नाही. १९२९ मध्ये पुस्तकांवर नियंत्रण आले. १९३५ मध्ये संततिनियमनाच्या साधनांच्या विक्रीवर व आयातीवर बंदी आली. १९३७ ची राज्यघटना परमपवित्र त्रैक्याच्या नावाने सुरू होते. तिने घटस्फोट निषिद्ध ठरवला आणि कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या 'विशेष स्थाना'ला मान्यता दिली. हेही नमूद केले पाहिजे की, त्याच कलमात प्रॉटेस्टंट पंथांची आणि ज्यू समाजाचीही नावाने दखल होती, आणि १९३७ च्या युरोपात ज्यूंना असा घटनात्मक मान देणे ही लहान गोष्ट नव्हती. मसुदा रोमला दाखवला गेला, तेव्हा पोप पायस अकरावे यांनी तो ना मान्य केला, ना अमान्य केला. ते मौनच पाळून राहिले.

या काळात बिशपांना फारशी आज्ञा करावीच लागत नसे. मंत्री, आमदार, न्यायाधीश, संपादक हे सारे त्याच धर्मग्रामांतून आलेले, त्याच शाळांतून शिकलेले. धर्माचा शब्द कायद्यात कसा उतरला हे कोणाच्या लक्षातही येत नसे, आणि धोका नेमका येथे होता. जी सत्ता दिसत नाही, तिला कोणी प्रश्न विचारीत नाही.

ती सत्ता प्रथम दिसली १९५१ मध्ये. आरोग्यमंत्री डॉ. नोएल ब्राउन या तरुणाचे घर क्षयाने उद्ध्वस्त केले होते. आईवडील त्याच रोगाने गेले, तो स्वतःही त्या रोगातून उठलेला. त्याने योजना आखली, की प्रत्येक मातेला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, उत्पन्नाची चौकशी न करता, मोफत वैद्यकीय सेवा मिळावी. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. त्यात मिळकतीची चिंता होती. बिशपांनी विरोध केला. त्यांना वाटले, की कुटुंबाचा अधिकार शासन बळकावील आणि सरकारी डॉक्टर स्त्रियांना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविरुद्ध सल्ला देतील. या भीतीला काही आधारच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण हा विरोध पत्रांतून, बंद दारांआड झाला आणि मंत्रिमंडळ तात्काळ नमले. पंतप्रधान कॉस्टेलो यांनी सभागृहात आपण आधी कॅथोलिक आहोत असे जाहीर केले. ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि सारा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी देशाला समजले, की आपण निवडून दिलेल्यांवरही कोणी बसलेले आहे! मातांना हवी होती ती सेवा त्या वर्षी मिळाली नाही. जी ख्रिस्तसभा मातृत्वाचा एवढा गौरव करते, तिच्या नावावर हे नोंदले गेले.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाप वेगळे आणि गुन्हा वेगळा. हा भेद आधुनिकांनी काढलेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच तो शिकवला. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला दंड करू जाऊ नये. जी कृत्ये इतरांना अपाय करतात आणि ज्यांच्यावाचून समाज टिकणार नाही अशीच त्याने रोखावीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारण कायदा सर्वांसाठी असतो, आणि सर्व माणसे सद्‌गुणांत परिपूर्ण नसतात. अपरिपूर्ण माणसावर परिपूर्णतेचे ओझे लादले, तर तो सुधारत नाही. तो मोडतो किंवा लबाडी शिकतो.

आयर्लंडमध्ये दोन्ही घडले. चार मुलांच्या एका आईला पुन्हा गर्भधारणा झाल्यास जिवाला धोका आहे, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने इंग्लंडहून मागवलेले संततिनियमनाचे साधन कस्टमच्या अधिकाऱ्यांनी जप्त केले. ती न्यायालयात गेली, आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. पती-पत्नीच्या खोलीपर्यंत कस्टमचा शिपाई पोहोचावा, असे कोणा धर्मशास्त्रज्ञाने म्हटले होते? कोणीच नाही. पण शिकवणुकीला कायद्याची काठी दिली, की ती काठी कोणाच्या हाती पडेल आणि कोठे उगारली जाईल, हे शिकवणाऱ्याच्या हाती उरत नाही.

तोवर ख्रिस्तसभेनेच नवी दिशा दाखवली होती. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. सत्याचा स्वीकार बळजबरीने होऊ शकत नाही, ही त्यामागील भूमिका. घटनेतील 'विशेष स्थाना'चे कलम गेले तर आपण अश्रू ढाळणार नाही, असे कार्डिनल कॉनवे यांनी १९६९ मध्ये मोकळेपणे सांगितले. आणि बरोबर सात वर्षांनी, ७ डिसेंबर १९७२ रोजी, आयरिश जनतेने ते कलम ८४.४ टक्के मतांनी काढून टाकले. कागदावरचे स्थान गेले. मनातली सवय मात्र गेली नाही.

आता अवघड भागाकडे वळू. कोणी म्हणेल, घटस्फोट आणि संततिनियमन यांबाबत पाप आणि गुन्हा हा भेद ठीक आहे. पण गर्भपाताचे काय? तेथे दुसऱ्या एका जिवाचा प्रश्न आहे. जे अबोल आहे त्याचे रक्षण कायद्याने करू नये काय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गर्भातील जिवाचे पावित्र्य हा आमच्या श्रद्धेच्या गाभ्यातील विषय आहे. त्यासाठी बोलणे हा श्रद्धावंत नागरिकाचा हक्क आहे, कर्तव्यही आहे. तरीही आयर्लंडचा अनुभव येथेही दोन गोष्टी शिकवतो.

पहिली गोष्ट कायद्याच्या स्वभावाविषयी. १९८३ च्या सार्वमताने माता आणि गर्भ यांच्या जीविताचा हक्क समान असल्याचे घटनेत लिहिले गेले. वाक्य उदात्त होते. पण १९९२ मध्ये बलात्काराला बळी पडलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीस इंग्लंडला जाण्यापासून रोखण्यासाठी शासनाने न्यायालयाचा मनाईहुकूम मिळवला, तेव्हा तो देशच हादरला. सर्वोच्च न्यायालयाने हुकूम उठवला. आणि त्याच वर्षी मतदारांनी परदेशी जाण्याच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली. म्हणजे घरात बंदी, बोटीला परवानगी! जिच्याजवळ प्रवासाचे पैसे होते ती गेली. जिच्याजवळ नव्हते तिच्यासाठीच कायदा उरला.

त्यानंतरची कथा आपल्या सीमेपर्यंत येते. बेळगावची सविता हलप्पनवार ही दंतवैद्य तरुणी पतीबरोबर आयर्लंडला गेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, तिचा गर्भपात अटळ झाला. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर हस्तक्षेप करता येणार नाही, असे तिला गॉलवेच्या रुग्णालयात सांगण्यात आले. हा कॅथोलिक देश आहे, असेही एका परिचारिकेच्या तोंडून निघाले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती गेली. चौकशीत दोन्ही गोष्टी पुढे आल्या: संसर्गावर लक्ष ठेवण्यात अक्षम्य हयगय झाली होती, आणि ठोके थांबेपर्यंत वाट पाहण्यावर अवाजवी भर दिला गेला होता.

नोव्हेंबरमध्ये आयरिश बिशपांनी स्पष्ट केले, की मातेच्या जिवापेक्षा गर्भाचा जीव श्रेष्ठ आहे असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. ते खरेच होते. मातेचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या उपचारात गर्भ नाइलाजाने दगावला, तर कॅथोलिक नीतिशास्त्र त्या उपचाराला दोष देत नाही. पण हा सूक्ष्म विवेक दंडविधानाच्या भाषेत उतरत नाही. धर्मशास्त्र डॉक्टरला सद्सद्विवेक वापरायला सांगते. फौजदारी कायदा त्याला तुरुंग दाखवतो. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या माणसाला त्या दोहोंपैकी तुरुंगच आधी दिसतो. २०१८ च्या सार्वमतात सविताचे छायाचित्र भिंतीभिंतींवर होते, आणि बंदी उठवा असे आवाहन तिच्या वडिलांनी बेळगावहून केले होते. गर्भाच्या रक्षणासाठी लिहिलेले कलम असे एका हिंदू कुटुंबाच्या दुःखाशेजारी उभे राहून कोसळले.

दुसरी गोष्ट साक्षीविषयी. न जन्मलेल्यांच्या बाजूने जो बोलतो, त्याला जग साहजिकच विचारते, की जन्मलेल्यांचे तुम्ही काय केलेत? अविवाहित मातांसाठीच्या आश्रमांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. १९२२ ते १९९८ या काळात अठरा संस्थांतून सुमारे नऊ हजार बालके दगावली होती. यांतील अनेक संस्था धर्मभगिनींच्या संघांकडे होत्या. दोष त्यांचाच नव्हे. ज्या बापांनी जबाबदारी झटकली, ज्या घरांनी पोटची मुलगी दाराबाहेर काढली, ज्या शासनाने पाहून न पाहिल्यासारखे केले, त्या सर्वांचा तो आहे. २००९ च्या दोन अहवालांनी याहून कडू सत्य आधीच उघड केले होते: धर्मसंघांच्या निवासी शाळांत आणि डब्लिनच्या महाधर्मप्रांतात मुलांवर अत्याचार झाले, आणि वर्षानुवर्षे ते झाकले गेले.

हा विषय राजकारणाच्या चर्चेत का यावा, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, झाकणे शक्य झाले ते धर्मसंस्थेच्या सामाजिक दराऱ्यामुळे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या आईवर पोलीस विश्वास ठेवीत नसे, कारण तोही त्याच दराऱ्याखाली वाढलेला. सत्ता माणसाला पापापासून वाचवत नाही. ती त्याला जाब विचारणाऱ्यापासून वाचवते. आणि ज्याला कोणी जाब विचारीत नाही, त्याच्या पश्चात्तापाची वेळ फार उशिरा येते. आयर्लंडच्या ख्रिस्तसभेने कायदा जिंकला तेव्हा तिने पटवून देण्याचे कष्ट सोडले. आणि कायदा हरली तेव्हा पटवून देण्याचा नैतिक अधिकार तिच्याजवळ उरला नव्हता.

मग ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून दूर राहावे काय? मुळीच नव्हे. ओकॉनेल दूर राहिले असते, तर आयरिश कुळाची पेनी त्याच्या खिशातच राहिली असती. धर्माने सत्तेला प्रश्न विचारावेत, दुर्बलांची बाजू मांडावी, मतदाराच्या विवेकाला साद घालावी. पण आपली एखादी नीती कायद्यात उतरवण्यापूर्वी श्रद्धावंताने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. माझे म्हणणे मी अन्य धर्माच्या शेजाऱ्याला, माझ्या धर्मग्रंथाचा आधार न घेता, समजावून सांगू शकतो काय? आणि या कायद्याचे ओझे कोणावर पडेल? माझ्यावर, की जिच्याजवळ बोटीचे भाडे नाही तिच्यावर? ज्या कायद्याची किंमत नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागते, तो पुण्यप्रद वाटणे सोपे असते.

हे प्रश्न आपल्याला दूरचे नाहीत. आपली राज्यघटना घडत असताना घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये आयर्लंडला जाऊन आले. राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे ही कल्पना आपण आयरिश घटनेतून घेतली. पण तिच्या प्रारंभी असलेले देवाचे नाव आपण घेतले नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी सूचना मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. श्रद्धा ही प्रत्येकाच्या अंतःकरणाची बाब असून सामूहिक मत कोणावर लादू नये, असे हृदयनाथ कुंझरू यांनी बजावले होते. त्याच घटनासमितीने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क पंचविसाव्या कलमात राखला. समितीचे एक सभासद, फादर जेरोम डिसोझा, येशूसंघीय धर्मगुरू होते. संख्येने नगण्य अशा समाजाला हे मिळाले, ते बहुसंख्यांनी स्वतःच्या संख्येचा मोह आवरला म्हणून.

पुढे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, आणि नंतर इतर राज्यांनीही तीच वाट धरली. त्यांविरुद्ध आपण म्हणतो, की अंतःकरणात काय मानावे हे शासनाने ठरवू नये. बहुसंख्यांची श्रद्धा सर्वांचा कायदा होऊ शकत नाही. आपले म्हणणे योग्यच आहे. पण मग डब्लिनमध्ये, वॉर्सात किंवा वॉशिंग्टनमध्ये आपले धर्मबांधव बहुसंख्य वा बलिष्ठ असतील, तेव्हाही आपले माप तेच राहिले पाहिजे. दुर्बल असताना एक आणि सबळ असताना दुसरे, अशी दोन मापे बाळगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. धर्माचेही तसेच होते.

आपल्या धर्मग्रामांत कुटुंबे मोडू नयेत, गर्भातील बाळे सुखरूप जन्मावीत, तरुणांनी संयम शिकावा, असे आपणां सर्वांना वाटते. त्यासाठी अडचणीत सापडलेल्या मुलीला दार उघडे ठेवणारे घर हवे, गरोदर सुनेच्या औषधपाण्याची चौकशी करणारी शेजारीण हवी, आणि भांडणाऱ्या जोडप्याचे ऐकून घेण्यास सवड असलेला धर्मगुरू हवा. हे काम मंद आहे आणि त्याला बहुमत लागत नाही. कधी काळी आपल्या शिकवणुकीच्या रक्षणासाठी पोलीस बोलवावा असे आपणांस वाटलेच, तर आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि आपल्या घराच्या उंबऱ्यात आपण कोठे कमी पडलो, हे आधी तपासून पाहावे.